रिकामी बाटली

आमच्या शाळेच्या भूगोल कक्षात, नकाशांच्या कपाटाशेजारी, काचेच्या नऊ बाटल्या ओळीने ठेवलेल्या आहेत. आठ बाटल्यांत माती आहे. गंगेच्या खोऱ्यातला करडा गाळ, थरची वाळू, लडाखची भुरकट रेताड माती, गोव्याची लाल माती, माझ्या अकोला जिल्ह्यातली काळी माती, अशा. सुट्टीवरून परतताना कॅडेट्सनी आपापल्या गावाहून आणलेल्या या बाटल्या आहेत. नववी बाटली मात्र रिकामी आहे. तिच्यावरही इतरांसारखीच चिठ्ठी चिकटवलेली आहे : ‘मैत्री केंद्र, शिर्माखर ओअ‍ॅसिस, अंटार्क्टिका’.

दरवर्षी सहावीचा नवा वर्ग कक्षात आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. “सर, यातली सांडली का?” मी म्हणतो, “नाही. ती भरलीच नव्हती.” पुढची हकीगत मी सहसा सांगत नाही, कारण तास लवकर संपतो. यंदा मराठी पानांसाठी लेख द्यायचा ठरला, तेव्हा ती इथे लिहावी असे वाटले.

गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे. मीही तेव्हा तुमच्यासारखाच कॅडेट होतो, आठवीत, घरापासून दोन रात्रींच्या रेल्वेप्रवासाइतक्या लांब. बाबा सैन्यात हवालदार होते, वाहनदुरुस्तीच्या कामातले. त्या वर्षी त्यांची निवड अंटार्क्टिका मोहिमेत झाली. भारताचे मैत्री केंद्र तिथे १९८९ पासून आहे. तिथली बर्फावरची वाहने आणि जनरेटर चालू ठेवणे हे बाबांचे काम. त्यांना हिवाळी तुकडीत घेतले होते, म्हणजे जवळजवळ सोळा महिने घराबाहेर.

मी ही बातमी हाउसभर सांगितली. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होते. पण पुढच्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आमचे हाउस मातीच्या प्रकारांचा तक्ता करणार होते, आणि मी सगळ्यांसमोर शब्द देऊन बसलो की अंटार्क्टिकाची माती मी आणणार.

दिवाळीच्या सुट्टीत बाबा निरोप घ्यायला गावी आले, तेव्हा मी त्यांच्या हाती झाकणाची बाटली दिली. “येताना एवढी भरून आणा.” त्यांनी हसून ती ट्रंकेत ठेवली. त्याच संध्याकाळी आबा, म्हणजे माझे आजोबा, वावरातून आले. त्यांनी मूठभर काळी माती एका फडक्यात बांधून आणली होती. ती पुरचुंडी बाबांच्या हातात देत ते म्हणाले, “हे घेऊन जाय लेका. तिथं घरचं काही त असलं पाह्यजे तुयाजवळ.” आबांना अंटार्क्टिका कुठे आहे हे ठाऊक नव्हते. लेक लांब चालला आहे, एवढे कळत होते.

ती पुरचुंडी गोव्यापर्यंतच गेली.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली होती, आणि बाबांचे जहाजही तिथूनच सुटले. निघण्याआधी त्यांनी बंदरावरून मला पत्र टाकले. त्यात लिहिले होते की सगळ्यांना बुटांच्या तळव्यातली माती ब्रशने काढायला लावली. बाबांनी पुरचुंडी दाखवली तेव्हा मोहिमेतले साहेब म्हणाले, ही नेता येणार नाही. १९९१ साली माद्रिदमध्ये झालेल्या कराराप्रमाणे, निर्जंतुक न केलेली माती त्या खंडावर नेणे शक्य तितके टाळायचे आहे. चमचाभर मातीत अब्जावधी जिवाणू असतात, बुरशी असते, गवताचे बी असते, आणि त्यातले एखादे तिथे रुजले तर मागे घेता येत नाही. बाबांनी पुरचुंडी बंदराजवळच्या एका झाडाखाली मोकळी केली. पत्रात एवढेच होते : “लाल मातीवर काळी पडली, तर शाई सांडल्यासारखी दिसली. आबांना सांगू नकोस.”

मी आठवीतला मुलगा. मला फक्त एवढे दिसले की बाटली अजून बाबांजवळ आहे.

त्या लाल आणि काळ्या मातीचा अर्थ मला पुढे शिक्षक झाल्यावर नीट कळला. पाठ्यपुस्तकात तुम्ही मृदानिर्मितीचे पाच घटक पाठ करता : मूळ खडक, हवामान, जैविक घटक, जमिनीचा उतार आणि कालावधी. पाठ करणे सोपे आहे, पण या पाचांतला प्रत्येक जण किती काम करतो हे पाहायचे असेल तर एखादा बाजूला काढून बघावे. आमच्या अकोल्याचा खडक आणि महाबळेश्वरचा खडक एकच, लाव्हा थंड होऊन झालेला बेसाल्ट. पण महाबळेश्वरावर पाऊस कोसळतो. तो खडकातले विरघळणारे क्षार आणि सिलिका धुऊन नेतो, मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहते, आणि जांभा तयार होतो. गोव्याची लाल मातीही अशाच धुण्याने झालेली. अकोल्यात पाऊस बेताचा. तिथे कॅल्शियम, मॅग्नेशियम जागेवरच राहते, आणि त्यातून पाण्याने फुगणारी, उन्हाने भेगाळणारी चिकण काळी माती होते. खडक एक, पावसाचा फरक, आणि माती दोन.

आता पाऊसच काढून टाका. आणि झाडे, गवत, गांडुळेही काढून टाका. बाबा गेले होते ती जमीन अशी होती.

अंटार्क्टिका म्हटले की आपल्याला बर्फच दिसतो, आणि ते बरोबरच आहे. त्या खंडाचा अर्ध्या टक्क्याहूनही कमी भाग उघडा आहे. शिर्माखर हा त्यातला सुमारे ३५ चौरस किलोमीटरचा तुकडा. १९३८-३९ च्या जर्मन मोहिमेतल्या वैमानिकाचे नाव त्याला मिळाले. एका बाजूला खंडाचे बर्फ, दुसऱ्या बाजूला समुद्रावर तरंगणारी बर्फाची फळी, मध्ये उघडे खडकाळ डोंगर आणि शंभराहून अधिक तळी. मैत्रीचे पाणी त्यांतल्या प्रियदर्शिनी तलावातून येते. पडतो तो बर्फ, आणि त्यातला बराचसा वारा उडवून नेतो किंवा तो वितळण्याआधीच हवेत विरून जातो. म्हणून बर्फाने वेढलेली असूनही ही जमीन वाळवंटच आहे.

तिथून पत्रे येत नसत. जहाज वर्षातून एकदा. महिन्यातून एखादा फोन उपग्रहामार्फत यायचा, तोही घरी, शाळेत नाही. त्यामुळे बाबा काय पाहत होते हे मला तेव्हा कळत नव्हते. ते एका वहीत टिपणे करत होते, हेही ठाऊक नव्हते.

जूनमध्ये, मिरगाची पेरणी चालू असताना, आबा गेले. तिफणीमागे चालताना बसले ते उठलेच नाहीत. मला शाळेत तार मिळाली. हाउसमास्तरांनी स्वतः स्टेशनवर आणून बसवले, तरी मी पोहोचलो तो तिसऱ्या दिवशी, राख सावडायच्या वेळी. बाबांना निरोप त्यांच्या युनिटमार्फत गेला. मैत्रीवर त्या दिवसांत सूर्य उगवतच नाही. दोन महिने अंधार असतो. जहाज येऊ शकत नाही, विमान उतरत नाही. आमच्याकडे अंत्ययात्रेला जाणे याला ‘मातीला जाणे’ म्हणतात. आबांच्या मातीला त्यांचा थोरला मुलगा नव्हता आणि थोरला नातूही नव्हता. काकांनी अग्नी दिला. राख नदीत सोडायच्या ऐवजी आम्ही ती बांधाजवळ खड्डा करून वावरातच घातली आणि वर आंब्याचे रोप लावले. आबा तसे सांगून गेले होते. दुसऱ्या दिवशी जोराचा पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी पाहिले तर खड्डा कुठे होता हे रोपावरूनच कळत होते.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये बाबा परत आले. मी उन्हाळी सुट्टीत घरी होतो. त्यांची ट्रंक उघडली, तेव्हा बाटली होती तशी रिकामी निघाली.

मी त्यांच्याशी भांडलो. प्रदर्शन होऊन गेले होते, हाउससमोर माझी फजिती झाली होती. पण खरा राग त्याचा नव्हता हे आज कळते. सोळा महिने नव्हते, आबा गेले तेव्हा नव्हते, आणि एक बाटलीसुद्धा भरून आणता आली नाही, असा तो राग होता. मी म्हणालो, “एवढ्या मोठ्या खंडातली मूठभर माती आणली असती तर कोणाला कळणार होते?”

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “खंड मोठा आहे. माती मोठी नाही.” आणि त्यांनी मला ती वही दिली.

वहीत शास्त्र नव्हते, शेतकऱ्याच्या मुलाने पाहिलेली जमीन होती. वर सगळीकडे दगडगोट्यांचा एक थर, जणू कोणी मुद्दाम फरसबंदी केली आहे. वाऱ्याने बारीक कण उडवून नेले आणि जड तेवढे राहिले. दगड उचलला तर खाली भरड वाळू, कुठे कुठे पांढरी क्षाराची भुकटी. त्या वाळूला चिकटपणा नाही, वास नाही. “मुठीत दाबली तरी ढेकूळ होत नाही,” असे लिहून त्याखाली रेघ मारली होती. थोडे उकरले की पहार आपटल्यासारखा आवाज येतो : बारमाही गोठलेली जमीन, पर्माफ्रॉस्ट. उन्हाळ्यात वरचा थोडासा थर तेवढा मऊ होतो. एका पानावर बहुकोनी भेगांचे चित्र होते आणि शेजारी आमच्या वावरातल्या उन्हाळी भेगांचे. आपल्याकडे ओल गेली की माती आकसते, तिथे कडक थंडीने गोठलेली जमीनच आकसते आणि तडकते. त्या फटीत वाळू नाहीतर बर्फ भरतो, पुढच्या हिवाळ्यात ती तिथेच पुन्हा तडकते, आणि शेकडो वर्षांत जमिनीवर मोठमोठे बहुकोन उमटतात.

शेवटच्या पानांवर तळ्याकाठच्या शेवाळाचे टिपण होते. जिथे उन्हाळ्यात बर्फाचे पाणी झिरपते तिथेच ते वाढते, वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबाने. एक जण चुकून त्यावर पाय ठेवणार होता, तर बरोबरच्या शास्त्रज्ञाने त्याला दंडाला धरून मागे ओढले. खाली बाबांनी लिहिले होते : “हा ठसा आपल्या नातवाला दिसला असता असे ते म्हणाले.”

मी वही वाचली. तरी तेव्हा मला पटले होते असे म्हणणार नाही. पटायला पुढे बरेच वाचावे लागले.

शिर्माखरपेक्षाही कोरडी जमीन त्याच खंडाच्या दुसऱ्या बाजूला, रॉस समुद्राजवळ आहे : मॅकमर्डोच्या शुष्क दऱ्या. डोंगरांनी बर्फाची वाट अडवल्याने त्या उघड्या राहिल्या. तिथे वर्षाचे सरासरी तापमान उणे २० अंशांच्या आसपास असते, आणि पडणाऱ्या बर्फाचे पाणी केले तर ते १०० मिलिमीटरही भरत नाही. तिथल्या मातीत काही ठिकाणी ओलच नसल्याने ती गोठूनही सुटी राहते. न्यूझीलंडच्या कॅम्पबेल आणि क्लॅरिज या मृदाशास्त्रज्ञांनी या दऱ्यांत अनेक वर्षे काम केले. जमीन किती जुनी आहे हे तिच्या रूपावरून कसे ओळखावे, हे त्यांनी दाखवले. हिमनदी नुकतीच मागे सरली असेल तिथे माती करडी, दगड टोकदार. जसजसा काळ जातो तसतसे दगडांतले लोह गंजते आणि माती तांबूस होते, उभे दगड झिजून जमिनीसपाट होतात, खाली क्षारांचा थर जमत जातो. काही ठिकाणी हा हिशेब लाखो वर्षांचा आहे.

क्षारांचीही गंमत आहे. समुद्राजवळच्या मातीत मिठाच्या जातीची क्लोराइडे जास्त, जरा आत सल्फेटे, आणि उंच पठाराच्या कडेला नायट्रेटे. ती समुद्राच्या तुषारांतून आणि हवेतून थोडी थोडी येऊन पडतात. गोव्यात पडली असती तर एका पावसाळ्यात समुद्राला परत गेली असती. इथे धुणारे कोणी नाही, म्हणून जे पडले ते साठत राहते. तेच क्षार खडकाच्या फटीत स्फटिक होऊन फुगतात आणि खडक फोडतात, मीठ मुरलेल्या भिंतीचे पोपडे निघतात तसे.

आणि जिथे जीव आहे तिथे माती लगेच बदलते. किनाऱ्यावर पेंग्विनांच्या वसाहतींत विष्ठेचे थर साचून नत्र आणि स्फुरदाने भरलेली, उग्र वासाची माती होते. अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे हवा थोडी उबदार आणि ओली आहे, तिथे शेवाळाचे मीटरभराहून जाड थर सापडतात आणि खंडावरची दोनच फुलझाडे, एक गवत आणि एक लहानसे रोप, मूळ धरतात. शुष्क दऱ्यांत मात्र डोळ्यांना काहीच दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सूत्रकृमी दिसतात. पाणी नसेल तेव्हा ते स्वतः सुकून निपचित पडतात, आणि ओल मिळाली की पुन्हा हलू लागतात.

वनस्पतींशिवाय असलेल्या या जमिनीला माती म्हणायचे का, यावर शास्त्रज्ञांचा पूर्वी वाद होता. आज ती मातीच मानतात. अमेरिकेच्या मृदा वर्गीकरणात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या मातींसाठी ‘जेलिसॉल’ हा स्वतंत्र गट झाला.

या सगळ्या वाचनात एक गोष्ट माझ्या मनात रुतली. १९०३ साली स्कॉट आणि त्याचे साथीदार यांतल्या एका दरीत उतरले, तेव्हा त्यांना समुद्रापासून बरेच आत एका सीलचा सांगाडा दिसला. सीलचे सुकलेले अनेक देह त्या दऱ्यांत आहेत. वाट चुकून आत आलेले, आणि शेकडो वर्षे तसेच पडून राहिलेले. कुजवायला ओल नाही, खायला कीड नाही. ती जमीन कोणालाच पोटात घेत नाही. सीलला नाही, आणि माणसाच्या बुटाचा ठसाही नाही. दगडांचा वरचा थर एकदा मोडला की पावलांच्या वाटा कित्येक दशके तशाच दिसत राहतात.

हे वाचले त्या रात्री मला आबांचा खड्डा आठवला. दोन दिवसांत दिसेनासा झालेला. आमच्या मातीने आबांना किती लवकर आपलेसे केले. मेलेल्यातून पुन्हा जिवंत करणे, हेच आपल्याकडच्या मातीचे काम आहे, आणि पाणी व जीव नसतील तर हे काम बंद पडते, उरते ती नुसती नोंदवही. मग मला बाबांचेही समजले. ज्या जमिनीवर काहीच पुसले जात नाही, तिथून ते मूठभर उचलू शकले नाहीत. तिथे जी खूण राहिली असती ती त्यांना नको होती.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा वावरात गेले होते. मी लपून मागे गेलो. आंब्याच्या रोपाला नवी पालवी होती. बाबांनी चपला बांधावर काढल्या, रोपाजवळ उकिडवे बसले, आणि मूठभर माती घेऊन दाबली. एप्रिलातली कोरडी माती, ढेकूळ झाले नाही. त्यांनी तांब्यातले थोडे पाणी घातले, पुन्हा दाबले. ढेकूळ झाले. ते हातात धरून बराच वेळ बसून राहिले. मी पुढे गेलो नाही.

त्या वर्षी शाळेत परत येताना मी दोन बाटल्या आणल्या. एक आंब्याखालच्या मातीची, एक रिकामी. हाउसमधल्या मुलांनी खूप चिडवले. पुढे मी शिक्षक होऊन या शाळेत आलो, तेव्हा दोन्ही माझ्याबरोबर आल्या. आज तो नियम आपल्या देशाच्या कायद्यातही आहे. २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याने निर्जंतुक न केलेली माती तिथे नेण्यास मनाई केली आहे. तुमच्यातला कोणी तिकडे गेला तर त्यालाही बुटांचे तळवे घासावे लागतील.

गेल्या आठवड्यात क्रॉस कंट्रीनंतर सातवीतला एक कॅडेट नळाखाली चिखलाचे बूट धूत होता. त्याने विचारले, “सर, आपल्या ड्रिल स्क्वेअरवरचे ठसे किती दिवस राहतात?” मी म्हणालो, “उद्या सकाळी बघ.” रात्री पाऊस झाला. सकाळी तो स्वतःच भूगोल कक्षात सांगायला आला, “सर, एकही नाही.” मग तो कपाटाशी गेला, आणि आठ भरलेल्या बाटल्या सोडून बराच वेळ नवव्या बाटलीकडे बघत उभा राहिला.